शिशाचे अणू जास्त दाटीत बसलेले नसतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲल्युमिनियम, लोखंड आणि शिसं यांचे एकाच मापाचे ठोकळे हातात घेतले तर शिसं सगळ्यांत जड लागतं. 'शिशाचे कण दाटीवाटीने बसलेले असतात म्हणून' हे उत्तर प्रश्नकर्त्याने शाळेत ऐकलं होतं, आणि आता तेच मुलांना शिकवायची वेळ आली तेव्हा शंका आली. म्हणून त्यांनी लोखंडाच्या एका तुकड्याची घनता स्वतः मोजली: वजन ७१ ग्रॅम, १०० मिलीच्या मोजपात्रात पाणी ६० वरून ७० वर, म्हणजे घनता ७.१ (ग्रॅम दर घन सेंटिमीटरला; पुढेही घनतेच्या आकड्यांचं एकक हेच). कोष्टकात लोखंडापुढे ७.८७ लिहिलंय. मग चूक कुठे?

शंका रास्त आहे. शाळेतलं उत्तर शिशाच्या बाबतीत चक्क उलटं आहे. आणि ७.१ हे उत्तर चूक आहे की नाही, हे तो तुकडा कसला आहे त्यावर ठरेल. ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्हीकडे घोळ एकाच ठिकाणी होतो. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान हे सगळ्यांना पाठ असतं, वस्तुमानाबद्दल कुणाचं दुमत नसतं, पण भागाकारात खाली जे आकारमान घेतलं ते नेमकं कशाचं, हे कुणी विचारत नाही.

आधी शिसं. ॲल्युमिनियम आणि शिसं या दोन्ही धातूंच्या स्फटिकात अणूंची मांडणी एकाच पद्धतीची असते. सारख्या आकाराचे गोळे जास्तीत जास्त दाबून रचले, तर जागेचा ७४ टक्के भाग गोळ्यांनी भरतो आणि २६ टक्के फटी राहतात. हे दोन्ही धातू त्याच रचनेत बसतात. म्हणजे दाटी दोघांचीही सारखीच. फरक गोळ्यांत आहे. शिशाचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूपेक्षा मोठा असतो, त्यामुळे एका घन सेंटिमीटरमध्ये शिशाचे अणू कमी मावतात. ॲल्युमिनियमचे सुमारे ६० कोटी कोटी कोटी, तर शिशाचे सुमारे ३३ कोटी कोटी कोटी. जवळजवळ निम्मेच. तरीही शिसं जड, कारण त्याचा एकेक अणू ॲल्युमिनियमच्या अणूच्या ७.७ पट भारी आहे. ७.७ ला ३३ ने गुणा, ६० ने भागा, ४.२ येतात. कोष्टकातल्या घनता ११.३४ आणि २.७०, त्यांचं गुणोत्तरही ४.२.

तेव्हा मुलांना सांगायचं ते असं: धातूची घनता दोन गोष्टींवर ठरते, एक अणू किती भारी आहे आणि तो किती जागा अडवतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि एक वाढली की दुसरी वाढलीच पाहिजे असं काही नसतं.

हे कागदावर दाखवायची सोपी युक्ती आहे. मूलद्रव्याच्या अणुवस्तुमानाला घनतेने भागा. येणारा आकडा म्हणजे ठरावीक संख्येच्या अणूंनी, एक मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ अणूंनी, अडवलेली जागा, घन सेंटिमीटरमध्ये. ॲल्युमिनियम: २६.९८ भागिले २.७० म्हणजे १०.०. चांदी: १०७.८७ भागिले १०.४९ म्हणजे १०.३. सोनं: १९६.९७ भागिले १९.३ म्हणजे १०.२. वर्गात इथे थोडं थांबावं. ॲल्युमिनियम, चांदी आणि सोनं यांचे अणू जवळजवळ सारखीच जागा अडवतात. मांडणीही तिघांची तीच. म्हणून या तिघांच्या बाबतीत घनता सरळ अणुवस्तुमानाच्या प्रमाणात चढत जाते: २.७, १०.५, १९.३. सोन्याचा ठोकळा ॲल्युमिनियमच्या तेवढ्याच ठोकळ्यापेक्षा सात पट जड असतो, पण दोघांत अणू जवळपास सारखेच असतात. केंद्रक तेवढं जड झालेलं असतं. अणूचा जवळजवळ सगळा भार केंद्रकातच असतो आणि जागा मात्र इलेक्ट्रॉन ठरवतात.

हीच युक्ती शिशाला लावली की १८.३ येतात. शिशाचं अणुवस्तुमान २०७.२, म्हणजे सोन्याहून थोडं जास्तच. पण अणू पावणेदोन पट जागा अडवतो, म्हणून घनतेत तो सोन्याच्या बराच मागे पडतो. लोखंड आणि तांबं दोन्ही ७.१ च्या आसपास येतात: अणू मध्यम वजनाचे, पण लहान. पोटॅशियम ४५. त्याचा अणू सोडियमपेक्षा भारी आहे, पण इतका ऐसपैस की पोटॅशियमची घनता ०.८६ आणि सोडियमची ०.९७. भारी अणूचा धातू हलका निघाला, याचं हे हाताशी ठेवावं असं उदाहरण.

काही अणू ऐसपैस आणि काही आटोपशीर का, याचं पूर्ण उत्तर क्वांटम यांत्रिकीत आहे. कामापुरतं इतकं पुरे: पोटॅशियमसारख्या धातूत बंधासाठी प्रत्येक अणूचा एकच बाहेरचा इलेक्ट्रॉन असतो, म्हणून अणू एकमेकांना सैल धरून असतात. आवर्तसारणीच्या ओळीत मध्यावर येऊ तसे बंधात भाग घेणारे इलेक्ट्रॉन वाढतात आणि अणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात. म्हणून घनतेचे उच्चांक ओळीच्या मधोमध सापडतात. भारी अणू आणि घट्ट पकड या दोन्ही गोष्टी जिथे जुळून आल्या ते ऑस्मियम (२२.५९) आणि इरिडियम (२२.५६). चांदीपेक्षा सोन्यात एका अणूमागे ३२ इलेक्ट्रॉन जास्त, तरी जागा तेवढीच, हे विचित्र वाटेल. कारण असं की मधल्या १४ मूलद्रव्यांत जे इलेक्ट्रॉन भरत जातात ते आतल्या कप्प्यात बसतात आणि केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत. त्यामुळे बाहेरचं कवच आत खेचलं जातं.

मग मांडणीला, म्हणजे दाटीला, काहीच महत्त्व नाही का? आहे, पण कुठे, ते बघायला हवं. साध्या धातूंत मांडणी बदलल्याने फार फरक पडत नाही. लोखंड नेहमीच्या तापमानाला ज्या मांडणीत असतं तिथे गोळे ६८ टक्के जागा भरतात, त्याहून घट्ट मांडणी ७४ टक्क्यांची. एवढ्याशा फरकातून २.७ आणि ११.३ यांमधलं अंतर निघणं शक्यच नाही. दाटीचा खरा प्रभाव दिसतो तो बंधांना दिशा असते अशा पदार्थांत. हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही निव्वळ कार्बन, अणूचं वजन तेच, तरी घनता ३.५१ आणि २.२६. ग्रॅफाइटच्या थरात अणू एकमेकांच्या अगदी जवळ असतात, हिऱ्यातल्यापेक्षाही जवळ, पण एक थर आणि पुढचा थर यांमधलं अंतर त्याच्या दुपटीहून जास्त. सगळी जागा तिथे वाया जाते. कथलाचं पांढरं रूप ७.३ घनतेचं, १३ अंश सेल्सियसच्या खाली ते हळूहळू करड्या रूपात जाऊ शकतं, तेव्हा घनता ५.७७ वर येते, तुकडा फुगतो आणि त्याचा भुगा होतो. बर्फ ०.९१७: पाण्याचे रेणू गोठताना पोकळ षटकोनी जाळी धरतात, आकारमान ९ टक्क्यांनी वाढतं आणि नळ फुटतात.

थोडक्यात, वेगवेगळ्या मूलद्रव्यांची तुलना करताना आधी अणूचं वजन आणि त्याची जागा बघा. एकाच पदार्थाची दोन रूपं समोर असतील तर फक्त जागा बघा.

वायूंचा हिशोब आणखी सोपा, कारण तिथे रेणूचा आकार जवळजवळ नगण्य. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानात सारखेच रेणू, मग वायू कुठलाही असो. म्हणून घनता सरळ रेणूच्या वस्तुमानावर जाते. दमट हवा जड असते असं बहुतेकांना वाटतं. हवेचं सरासरी रेणुवस्तुमान २९ आणि पाण्याचं १८. बाष्पाचा रेणू आला की हवेच्या एका रेणूची जागा घेतो, त्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकीच असते.

आता तिसरी गोष्ट, आणि प्रत्यक्ष मोजमापात सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. हातातल्या वस्तूत पदार्थ किती आणि पोकळी किती?

लाकडाचं बघा. बाल्सा ०.१५ च्या आसपास, साग ०.६५ च्या आसपास, आणि लिग्नम व्हायटी नावाचं लाकूड तर पाण्यात बुडतं. पण पेशींच्या भिंती ज्या द्रव्याच्या, त्याची घनता कुठल्याही लाकडात साधारण १.५ असते. फरक सगळा पोकळ्यांचा, आणि त्या पोकळ्यांत पाणी किती शिरलंय याचा. म्हणून लाकडाच्या घनतेचा आकडा ओलाव्याच्या टक्केवारीशिवाय कुणी दिला तर तो अर्धाच आकडा समजावा.

वाळूवर हे वर्गात करता येतं. एक लिटरचं भांडं कोरड्या वाळूने काठोकाठ, न ठोकता भरा. वजन साधारण १.६ किलो भरेल. म्हणजे घनता १.६? वाळूचा कण मुख्यतः क्वार्ट्झचा, त्याची घनता २.६५. १.६ ला २.६५ ने भागलं तर ०.६० लिटर, उरलेल्या ०.४० लिटरमध्ये हवा आहे. ताळा लगेच करता येतो: त्याच भांड्यात हळूहळू पाणी ओता, काठापर्यंत यायला ४०० मिलीच्या आसपास लागेल. पाणी एका बाजूने, कडेकडेने ओतावं, म्हणजे हवेला बाहेर पडायला वाट राहते. मधोमध भसकन ओतलं तर हवा अडकते आणि ३५० मध्येच भांडं भरल्यासारखं दिसतं. एक गंमत: वाळू नुसती ओलसर असेल तर कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तेवढीच वाळू २०-३० टक्के जास्त जागा अडवते. ओलसर वाळूचं घमेलं कोरड्या वाळूच्या घमेल्यापेक्षा हलकं भरू शकतं. माप घमेल्याने घेणारे इथेच फसतात.

१.६ आणि २.६५ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिली ढिगाची घनता, दुसरी कणाची. गाडीत किती वाळू मावेल ते पहिलीवरून काढायचं, पाण्यात बुडेल का ते दुसरीवरून.

इतकं झाल्यावर तुमच्या ७.१ कडे वळू. १०० मिलीच्या मोजपात्रावर १ मिलीच्या खुणा असतात. एक वाचन अर्ध्या खुणेने चुकणं अगदी सहज होतं, आणि तुम्ही दोन वाचनांची वजाबाकी केली आहे. म्हणजे आकारमान १० नसून ९ ते ११ मध्ये कुठेही असू शकतं. ७१ ला ९ ने भागलं तर ७.९, ११ ने भागलं तर ६.५. तुमच्या प्रयोगाचं प्रामाणिक उत्तर '६.५ ते ७.९' असं आहे, आणि साधं पोलाद (७.८५) त्यात बसतं. काट्यावर ७१ ग्रॅमचं वजन काटेकोर आलं तरी उपयोग नाही. भागाकाराची अचूकता दुबळ्या मापावर ठरते, आणि इथे दुबळं माप आकारमानाचं आहे.

दुसरी शक्यता खरी असू शकते: तुकडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा (कास्ट आयर्न), असेल. बिडात ३ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि करड्या बिडात तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात पसरलेला असतो. ग्रॅफाइटची घनता २.२६, त्यामुळे करड्या बिडाची घनता साधारण ७.१ ते ७.३ वर येते. म्हणजे तुमचा आकडा तंतोतंत बरोबरही असू शकतो. ओळखायला कानस मारून बघा: साध्या पोलादाचा कीस चकचकीत, कणीदार निघतो, बिडाची काळपट पूड पडते आणि बोटांना शिशपेन्सिलीसारखी लागते. फिरत्या सहाणेवर (ग्राइंडरवर) धरला तर पोलादाच्या ठिणग्या लांब आणि पिवळट-पांढऱ्या, बिडाच्या आखूड आणि लालसर. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावूनच.

चूक झाली असेल तर ती कुठल्या दिशेने झाली, हेही बघता येतं. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे, किंवा बुडवताना आत शिरलेला दोरा नाहीतर बोट, यांनी आकारमान फुगतं आणि घनता कमी दिसते. पाणी उडालं किंवा पात्राच्या भिंतीवर वर चढून राहिलं, तर आकारमान घटतं आणि घनता जास्त दिसते. तुमची कमी दिसतेय, म्हणजे उडालेल्या पाण्याला दोष देता येत नाही. संशय बुडबुड्यांवर, नाहीतर पातळी वाचण्यावर. पाण्याची पातळी काचेशी वर वळलेली असते. दोन्ही वेळा खालच्या तळाशी, डोळा त्याच उंचीला आणून वाचायचं. एकदा कड आणि एकदा तळ वाचला तर तिथेच अर्धा-एक मिली जातो.

त्यापेक्षा मोजपात्र बाजूला ठेवा. आकारमानही काट्यावरच मोजा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा चालेल, ०.०१ चा असेल तर उत्तम; एकेक ग्रॅम दाखवणारा इथे कामाचा नाही.

आधी तुकडा कोरडा करून त्याचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याने दोन-तृतीयांश भरलेलं रुंद तोंडाचं भांडं ठेवा आणि काटा शून्य करा. तुकडा बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधा (सुती दोरा पाणी पितो). दोरा हाताने न धरता एखाद्या स्टँडला किंवा दोन डब्यांवर आडव्या ठेवलेल्या पट्टीला बांधा. तुकडा पूर्ण पाण्यात, पण तळाला किंवा भिंतीला न टेकता लोंबकळला पाहिजे. काटा आता जे ग्रॅम दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. त्याला पाण्याच्या घनतेने भागलं की आकारमान.

असं का होतं, हे मुलं विचारतातच. पाणी तुकड्याला वर ढकलतं, ते बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने. तुकडा तितक्याच जोराने पाण्याला खाली ढकलतो आणि काट्याला तेवढंच कळतं. तुकड्याचा उरलेला भार दोऱ्याने पेललेला असतो, तो काट्यापर्यंत येतच नाही.

पडताळणीही सोपी आहे. तुकडा पाण्यातच एक सेंटिमीटर वर-खाली करून बघा, आकडा हलता कामा नये. खाली नेल्यावर एकदम उडी मारून २०-३० वर गेला तर तुकडा टेकलाय. आकडा हळूहळू बदलत राहिला तर एकतर बुडबुडे सुटताहेत, नाहीतर वस्तू पाणी पितेय. बुडबुड्यांना कमी लेखू नका: ३ मिलिमीटरचा एक बुडबुडा ०.०१४ घन सेंमीचा असतो, असे दहा चिकटले तर ०.१४, म्हणजे तुमच्या तुकड्यात दीड टक्का. उपाय: पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, आणि तुकडा आधी दुसऱ्या भांड्यात ओला करून मऊ ब्रशने घासून मगच टांगायचा. आट्या, भोकं, खाचा असतील तिथे ब्रश फिरवाच.

पाण्याची घनता सरसकट १ धरू नका. ४ अंशाला ती १ च्या अगदी जवळ असते, २० अंशाला ०.९९८, ३० ला ०.९९६, ४० ला ०.९९२. तुमच्या कामाला हा फरक एका टक्क्याच्या आतलाच, पण ०.०१ ग्रॅमचा काटा वापरून तापमान न लिहिणं म्हणजे मिळालेली अचूकता फुकट घालवणं. नळाच्या पाण्यातल्या क्षारांची मात्र काळजी नको. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असले तरी फरक दहा हजारांत चार-पाच भागांचा.

हीच मांडणी तरंगणाऱ्या वस्तूला लावली की ती जास्तच देखणी होते. शून्य केलेल्या भांड्यात लाकडाचा ठोकळा नुसता सोडा: तरंगताना काटा त्याचं पूर्ण वजन दाखवतो, समजा ४८ ग्रॅम. मग बारीक सुईने तो पूर्ण पाण्याखाली दाबून धरा: आता काटा बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवेल, समजा ७२. ४८ भागिले ७२, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ०.६७. दोन वाचनांत काम झालं. फक्त लाकडाला आधी मेणाचा किंवा वॉर्निशचा पातळ हात द्या, नाहीतर ते पाणी पीत राहील आणि आकडा सरकत राहील.

भुकटीसाठी घनता-बाटली लागते, बारीक भोकाच्या बुचाची. चार वजनं घ्यायची: रिकामी, भुकटीसह, भुकटी आणि पाण्याने भरलेली, नुसत्या पाण्याने भरलेली. समजा ती अनुक्रमे २८.००, ५८.००, ९६.६८ आणि ७८.०० आली. नुसतं पाणी ५० ग्रॅम मावतं, भुकटी असताना ३८.६८, म्हणजे ११.३२ ग्रॅम पाण्याची जागा भुकटीने घेतली. ३० भागिले ११.३२ म्हणजे २.६५. भुकटीत हवा अडकते, म्हणून पाणी अर्ध्यापर्यंत घालून बाटली गोल फिरवत हलवायची, थोडा वेळ ठेवायची, मगच पूर्ण भरायची. तुरटी, मोरचूद असे विरघळणारे पदार्थ पाण्यात मोजता येत नाहीत. तिथे रॉकेल वापरा, पण आधी त्याच बाटलीत रॉकेलची घनता काढून घ्या, साधारण ०.८ येईल.

द्रव मिसळताना एक सावधगिरी. वजनांची बेरीज होते, आकारमानांची होईलच असं नाही. ५० मिली पाणी आणि ५० मिली इथेनॉल मिसळलं तर १०० नाही, सुमारे ९६-९७ मिली भरतं, कारण वेगवेगळ्या रेणूंना एकमेकांत जास्त जवळ बसता येतं. धातूंच्या मिश्रणात हा फरक बहुधा लहान असतो, म्हणून तिथे आकारमानांची बेरीज चालवून घेतात. २२ कॅरेट सोन्यात ९१.७ टक्के सोनं. उरलेलं सगळं तांबं असेल तर घनता १७.६ च्या आसपास, सगळी चांदी असेल तर १८.० च्या आसपास. म्हणजे नुसत्या घनतेवरून शुद्धता सांगताना कशाची भेसळ आहे, हे गृहीत धरावंच लागतं. आणि टंगस्टन १९.२५, सोनं १९.३; आत टंगस्टन भरून वर सोनं चढवलेली वस्तू घनतेच्या चाचणीत उत्तीर्ण होते. घनता जुळली नाही तर 'हा तो पदार्थ नाही' हे ठामपणे सांगता येतं, जुळली तर 'असू शकेल' इतकंच.

तिसऱ्या दशांश अंकावर कुणी हसलं तर ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं उदाहरण द्या. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरवलेला नायट्रोजन लिटरला १.२५७ ग्रॅम भरत होता आणि रासायनिक संयुगांपासून बनवलेला १.२५१. फरक अर्ध्या टक्क्याचा. प्रयोगातली चूक म्हणून त्यांनी तो सोडून दिला नाही, आणि १८९४ मध्ये त्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांनी हवेत दडलेला भारी वायू जाहीर केला: आर्गॉन. १९०४ ची नोबेल पारितोषिकं दोघांना मिळाली, रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचं.

आणि 'एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड' हे कोडं मुलं घालणारच. 'दोन्ही सारखे' हे उत्तर दिलं की त्यांना पुढचं सांगा. हवाही वस्तूला वर ढकलते. एक किलो लोखंड १२७ घन सेंमी हवा बाजूला सारतं, म्हणजे ०.१५ ग्रॅम. कापसाच्या गाठोड्यात बहुतेक हवाच असते, ती सोडून द्या; पण तंतूची घनता १.५ च्या आसपास, म्हणून किलोभर तंतू ६५० घन सेंमी हवा सारतात, सुमारे ०.८ ग्रॅम. तागडीवर दोन्ही पारडी समतोल दिसत असतील, तर कापसात खरं द्रव्य अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्तच आहे.

आता तुकडा टांगून पुन्हा मोजा. पाणी ३० अंशांचं असेल आणि काटा ९.० ग्रॅमच्या आसपास थांबला, तर घनता ७.८५, म्हणजे साधं पोलाद. ९.७ ते ९.९५ आला तर ७.१ ते ७.३, बीड असणार. कानस मारून खात्री करा. १०.२ च्या वर गेला आणि बुडबुडे नाहीत याची खात्री असेल, तर ओतताना तुकड्यात पोकळी राहिली असणार. तसं असेल तर करवतीने मधून कापून बघा, मुलांना दाखवायला तेच बरं.